उद्या हिला पाठवू नका

मॅडमनी चहाला नको म्हटलं, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. आमच्या भूम तालुक्यात दारात आलेलं माणूस चहाला नको म्हणत नाही. म्हटलंच, तर त्याला काहीतरी वाईट सांगायचं असतं, आणि चहा पिऊन ते सांगणं जड जातं.

मॅडम म्हणजे माझ्या नातीच्या वर्गशिक्षिका. आम्ही शाळेत होतो तेव्हा ‘बाई’ होतो, आता सगळ्या मॅडम झाल्यात. वय असेल तीस-बत्तीस. दारात स्कुटी लावून, हेल्मेट हातातच धरून त्या ओसरीच्या कडेला टेकल्या. घरात शाळेचं खातं माझ्याकडं आहे. सून म्हणते, तुम्ही बाई होता, तुम्हीच बघा. म्हणून त्या माझ्याशीच बोलायला आलेल्या.

“बाई, एक विनंती होती. शुक्रवारी वाचनाची तपासणी आहे. वरून माणसं येणार. त्या दिवशी हिला पाठवू नका.”

“का? हिला काय झालंय?”

“झालं काही नाही. पण ही हळू वाचते. एका मिनिटात जेवढे शब्द पाहिजेत तेवढे होत नाहीत हिचे. वर्गात तीनच पोरं लाल आहेत. ती आली नाहीत तर आपली शाळा शंभर टक्के हिरवी होते.” मग हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाल्या, “सोनारीला दर्शनाला नेलं होतं म्हणून सांगा. तुम्ही स्वतः बाई होतात. तुम्हाला मी काय सांगायचं?”

मी त्यांना तिथल्या तिथं झापायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी हसले. चोराला आपलीच शिडी दुसऱ्याच्या भिंतीला लावलेली दिसावी, तसं झालं मला.

कारण ही युक्ती माझी. निदान मला तरी पंचेचाळीस वर्षं तसंच वाटत आलंय.

तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! चोवीस वर्षांची, नवीन नोकरी, इस्त्रीची सुती साडी, आणि अंबाडा इतका घट्ट बांधायची की भुवया वर ओढल्या जायच्या आणि सगळ्या गावाला मी कायम आश्चर्य वाटल्यासारखी दिसायची. गावातल्या बायका मला बघून पदर सावरायच्या, म्हणून मी स्वतःला फार मोठी समजायची. खरं म्हणजे त्या हसू लपवायला पदर तोंडाला लावत होत्या. पण हे कळायला मला बारा वर्षं लागली.

त्या काळी वर्षातून एकदा साहेब तपासणीला यायचे. चौथीच्या प्रत्येक पोराला एक पाढा, एक कविता, एक गणित. सगळी पास झाली की बाईंचं नाव तालुक्यापर्यंत जायचं. माझ्या वर्गात सगळी पोरं घोटून तयार. एकच पोरगी अवघड. अवघड म्हणजे ढ नव्हे. तिला काही विचारलं की ती वर पत्र्याकडं बघायची. बघतच राहायची. मग दमानं उत्तर द्यायची, आणि बरोबर द्यायची. पण साहेबांकडं एवढा दम कुठला? त्यांना जेवून पुढच्या गावाला जायचं असायचं.

तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, “उद्या येऊ नको. शेळ्या राख.” तिनं मान डोलवली. इतकं सोपं होतं ते.

दुसऱ्या दिवशी माझा वर्ग शंभर टक्के. साहेब खूश. चार दिवसांनी भूमला बोलावून मला नारळ, बाईमाणसाला टोपी कशी घालायची म्हणून रुमाल, आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ अजून माझ्या ओसरीवर आहे. रोज दहा मिनिटं पुढं पळतं. ‘उत्कृष्ट शिक्षिका’ ही त्याच्यावरची अक्षरं मी इतकी वर्षं पुसून लख्ख ठेवलीत. असली बावळट मी.

ती पोरगी परत शाळेत आलीच नाही. मी आठवडाभर वाट पाहिली, म्हणजे हजेरी घेताना तिच्या नावापाशी जरा थांबायची. मग ‘सतत गैरहजर’ असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि पुढच्या महिन्यात तिचं नाव लाल शाईनं कापलं. घरच्यांनी शेळ्यांसाठी शाळा सोडवली असणार, असं मी ठरवून टाकलं. सहकाऱ्यांना सांगतही फिरले, ‘या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही हो.’

तर मॅडम गेल्या, आणि मी नातीला हाक मारली.

“काय गं, तू लाल हायस म्हणं?”

“व्हय,” ती म्हणाली. तोंडात चिंच होती. “पण फिक्कट. मागच्या महिन्यात मी थोडी पिवळी झाल्ते.”

नऊ वर्षांची पोरगी आपला रंग असा सांगत होती, जसं आपण आपलं नाव सांगतो. वर्गात पोरं एकमेकांना तसंच म्हणतात म्हणे. ए लाल, सरक तिकडं. डब्याला हिरवी पोरं वेगळी बसतात. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. भिंतीवर तक्ता लावलाय, तो पोरांनी वाचला. बघा, वाचतात की नाही पोरं!

आणि ही हळू वाचते म्हणजे कशी वाचते, ते मला ठाऊक आहे. मागं एकदा ती एका कोंबडीची गोष्ट वाचत होती. कोंबडी छत्री घेऊन बाजारला निघते. दोन ओळी वाचल्या आणि ही थांबली. “आज्जे, कोंबडीनं छत्री धरली कशानं?” मी म्हटलं, वाच पुढं. ती पुस्तक पालथं ठेवून परसात गेली. आमच्या कोंबडीसमोर बसून राहिली. बऱ्याच वेळानं आली आणि म्हणाली, “पंखानं धरता येत न्हाई. चोचीतच धरली असंल.” परत वाचायला लागली. पुढच्या पानावर कोंबडी वाटेत बदकाशी बोलते. झालं! पोरगी ओरडलीच, “बोलली कशी मग? छत्री पडंल की!”

लिहिणाऱ्याची चूक तिनं पकडली होती. ज्यानं पुस्तक लिहिलं, ज्यानं तपासलं, ज्यानं छापलं, त्यांच्यापैकी कुणाला ती दिसली नव्हती. आणि अशा वाचणारीला लाल रंग.

आता तुम्हाला वाटेल, मी तडक शाळेत जाऊन भांडले. मलाही तसं लिहायला आवडलं असतं. पण माझ्यातली ती घट्ट अंबाड्याची बाई मेली नव्हती. ती फक्त निवृत्त झाली होती. ती म्हणाली, माझी नात आणि लाल? चार दिवस आहेत हातात. हिला हिरवी करून दाखवते.

मी मॅडमकडून सरावाचे कागद मागवले. घड्याळाखाली सतरंजी टाकली. सेकंदकाटा बारावर आला की ‘हं!’ म्हणायचं, आणि पोरीनं सुटायचं. मध्ये थांबायचं नाही. विचारायचं नाही. अडलं तर सोडून पुढं जायचं. पहिल्या दिवशी ती तीनदा थांबली, मी तीनदा डोळे वटारले. दुसऱ्या दिवशी एकदाच थांबली. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, तिनं उंटाला गोधडी शिवणाऱ्या शिंप्याची सबंध गोष्ट मिनिटाच्या आत वाचून टाकली. एखादी पिशवी फाटून ज्वारी सांडावी तसे शब्द सांडले. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

मग सहज विचारलं, “काय गं, एवढ्या मोठ्या उंटाचं माप त्या शिंप्यानं घेतलं कसं?”

तिनं माझ्याकडं बघितलं. “कंचा उंट?”

“अगं, आत्ता वाचलास की! गोष्टीतला.”

“उंट व्हता व्हय ह्यात?” कागद उलटून बघायला लागली. मग जरा वैतागूनच म्हणाली, “आज्जे, मी तर वाचत व्हते. ऐकायला टाइम कुठं व्हता?”

चार दिवससुद्धा लागले नाहीत. जी पोरगी कोंबडीची छत्री सोडत नव्हती, तिला अख्खा उंट दिसला नाही. आणि हे कुण्या सरकारनं, कुण्या साहेबानं केलं नाही. माझ्या ओसरीवर, माझ्या घड्याळाखाली, मी केलं. वर टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी दुपारी मी रागारागानं खव्याच्या भट्टीवर गेले. राग आला की मी तिथंच जाऊन बसते. आमच्या भागात दूध आटवून खवा करायच्या भट्ट्या गल्लोगल्ली आहेत. आमच्या गल्लीतली भट्टी चालवते ती बाई म्हणजे तीच, पत्र्याकडं बघत उत्तर देणारी. आता पंचावन्नची असेल. दंडात बळ असं की भलंथोरलं उलथणं कढईत सतत फिरवत असते, एका तालात. दूध घट्ट व्हायला लागलं की कढईतला आवाज बदलतो म्हणते. मला आजवर तो बदललेला ऐकू आला नाही. तिला दुसरीकडं तोंड करून बोलत असतानाही ऐकू येतो. रोज तिच्याशी बोलते मी, पण त्या शाळेच्या दिवसाचा विषय मी कधी काढला नव्हता, तिनंही नाही.

“बाई, तुमी आन् चिडलेल्या?” ती म्हणाली. “कुनाला मारून आलाव?”

मी सगळं सांगितलं. मॅडम, लाल-हिरवं, शुक्रवारी पाठवू नका. तावातावानं सांगितलं, जणू असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं.

तिचं उलथणं थांबलं नाही. “मग मॅडमला म्हणावं, परत कवा पाठवायची त्ये बी सांगून ठिवा.”

“म्हणजे?”

“म्हंजी काय. मला तुमी सांगितलं, उद्या येऊ नको. म्या न्हाय आले. परत कवा यायचं, त्ये कुनी सांगितलंच न्हाय.”

भट्टीचा जाळ माझ्या तोंडावर येत होता, पण मला वाटतं मी लाल झाले ती त्यानं नव्हे.

“अगं, एका दिवसापुरतं म्हणाले होते मी! तू यायचं होतंस की.”

“मला काय ठावं? धा वर्साचं लेकरू. आई म्हनली, बाईनी काडलं का गं तुला? म्या म्हनलं, व्हय. काडलंच असंल, मला काय येत न्हाय म्हनून.” तिनं कढईच्या कडेचं खरवडून आत ढकललं. “चार दिस शाळंच्या वाटंवरच शेळ्या चारल्या. म्हनलं बाई बघतील, बोलवतील. एक दिस दिसलाव. एसटीतनं उतरून येत व्हताव, घड्याळ काखंत घिऊन.”

“मग हाक मारायची नाहीस?”

“मारली की. तुमी म्हनलाव, शेळ्या आवर गं, घड्याळाला धक्का लागंल.”

आणि ती हसली. मनापासून हसली, जणू दुसऱ्याच कुणाची गंमत सांगत होती. मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. घड्याळ आठवत होतं, नारळ आठवत होता, एसटीत कंडक्टरनं ‘बाई, बसा की’ म्हणून जागा दिली होती ते आठवत होतं. वाटेवरची पोरगी आठवत नव्हती. मी हजेरीत लिहिलं होतं, सतत गैरहजर. ती वाटेवर हजर होती, चार दिवस.

शुक्रवारी मी नातीचं दप्तर भरलं.

“पण मला येऊ नको म्हणलंय,” ती म्हणाली. “लाल न्हाईत पाहिजे आज.”

“मी सोबत येते, चल. आणि हे बघ, आज तुला वाचायचं तसं वाच. कोंबडीची गोष्ट वाचली होतीस तसं.”

“थांबू का मग?”

“वाटलं तर थांब.”

शाळेच्या दारात रांगोळी, पोरांच्या डोक्याला तेल, भिंतीवर नवीन तक्ते. मॅडमनी आम्हाला बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, “बाई, तुम्हीच असं करायचं?”

“मीच तसं केलं होतं, म्हणून आलेय.”

“तुम्हाला काय जातंय बोलायला? पेन्शन घेताय तुम्ही.” त्यांनी मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. शाळांची यादी, प्रत्येकीसमोर रंगाची टिकली. “मागच्या बैठकीत मला उभं केलं होतं, ठाऊक आहे? सगळ्यांदेखत. तुमची शाळा लाल का, सांगा. चांगली पाच मिनिटं उभी होते मी. माझ्या पोरीएवढी पोरगी वाटत होते मी स्वतःला.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मला राग आला, पण त्यांचा नाही. त्यांना ज्यांनी उभं केलं, त्यांनाही कुणीतरी कुठंतरी उभं करत असणार. प्रत्येकजण आपल्या वरच्यापासून लाल टिकली लपवतोय, आणि ती लपवता लपवता खाली सरकत सरकत शेवटी नऊ वर्षांच्या पोरीच्या कपाळावर येऊन बसते. तिच्या खाली कुणी नाही, म्हणून ती घरी बसते. आणि वर कागदावर सगळा जिल्हा हिरवागार!

तपासणीला आलेली मुलगी कॉलेजातली असावी. बिचारी सकाळपासून मोबाईल हातात धरून एकेका पोराचं वाचन ऐकत होती. माझ्या नातीची पाळी आली. मी खिडकीशी उभी.

उतारा साधा होता. एक मुलगी विहिरीवर जाते. विहिरीत कासव असतं. नातीनं सुरुवात केली, बरी केली. कासवाशी येऊन थांबली.

“त्ये आत पडलं का आधीपासनंच व्हतं?”

तपासणीची मुलगी गोंधळली. “तू वाच पुढं.”

नात वाचायला लागली. कासव म्हणतं, मला वर काढ. पुन्हा थांबली. माझ्या डोक्यात घड्याळ वाजत होतं. खोटं कशाला सांगू, माझी जीभ वळवळत होती, ‘अगं वाच, वाच!’ म्हणायला. मी पदर तोंडात धरला.

“वर काढून खाईल काय त्ये?” नात म्हणाली. “विहिरीत शेवाळ तरी आसतंय.”

मोबाईल टुणकन वाजला. मिनिट संपलं. मुलीनं काहीतरी दाबलं. रंग मला खिडकीतून दिसला नाही, दिसायची गरजही नव्हती.

पण नात उठेना. “काढलं का वर?”

“कुणाला?”

“कासवाला.”

मुलीनं कागद बघितला. मागं उलटून बघितला. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उमटलं. “नाही गं, उतारा इथंच संपतोय,” ती म्हणाली. “पुढं काही दिलेलंच नाही.”

शब्द मोजून भरले आणि गोष्ट कापली. कासव विहिरीतच. माझ्या नातीच्या आधी वर्गातल्या सगळ्या हिरव्या पोरांनी तो उतारा धडाधड वाचला होता, आणि एकानंही विचारलं नव्हतं की पुढं काय झालं. वाचायला शिकवणं म्हणजे काय, हे मला पस्तीस वर्षं नोकरी करून जेवढं कळलं नव्हतं, तेवढं त्या खिडकीत कळलं. ज्याला पुढं काय झालं हे विचारावंसं वाटत नाही, त्याला आपण शंभर टक्के म्हणतो.

शाळा सुटली. पोरं गेली. मी व्हरांड्यातून हलले नाही.

“आता काय बाई?” मॅडम थकून गेल्या होत्या.

“हिला सांगा, उद्या ये.”

“म्हणजे काय? येणारच की ती.”

“ते तुम्हाला ठाऊक. तिला सांगा.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, म्हातारीला खूळ लागलं असं त्यांना वाटलं असणार. मग त्या नातीसमोर वाकल्या. “उद्या ये बरं का. शनिवार आहे, सकाळची शाळा. लवकर ये.”

“व्हय,” नात म्हणाली. “कासवाचं मी सांगते उद्या.”

“आणि ते दोघं?” मी विचारलं. “आज घरी बसवलेले?”

“फोन करते त्यांच्या घरी.”

“फोन नको. दारात जा. आणि चहा घ्या.”

त्या रागावल्या असाव्यात. पण स्कुटी गावाबाहेरच्या रस्त्याला न लागता वस्तीकडं वळली, ते मी बघितलं.

घरी येताना भट्टीवर थांबले. तिला सगळं सांगितलं. कासवाचं ऐकून तिनं वर पत्र्याकडं बघितलं, तशीच, चौथीत बघायची तशी. मग म्हणाली, “विहीर बांधीव असंल तर कासवाला चढता येत न्हाय. पायऱ्या असतील तर यील आपल्या आपन.” आणि मग डोळे बारीक करून, “आन् बाई, माझं काय मग? मला कवा बोलवताव?”

मी म्हणाले, “उद्या ये. सकाळी, माझ्या ओसरीवर.”

“बगा हां. पंचेचाळीस वर्सांनी बोलवलाव.”

“ये म्हणते ना.”

शनिवारी सकाळी मी घड्याळ उतरवून माळ्यावर टाकलं, सतरंजी टाकली, पाटी पुसून ठेवली. नात शाळेला गेली. मी बसून राहिले. बऱ्याच वेळानं गल्लीच्या टोकाला भट्टीचा धूर वर निघाला, दाट, नेहमीसारखा. दूध आलं होतं. ते टाकून ती येणार कशी? ती आली नाही.